बेळगावपासून दीड तासात, गाडीतून उतरून शंभर-दीडशे पावलांत गाठता येतील अशा डोंगरजागा (प्री-वेडिंग शूट आणि मोजक्या माणसांतलं लग्न)

खडेबाजार_कोपरा
जागा सुचवायचा धागा आधी निघालाय, पण त्यात निम्म्या जागा ट्रेकच्या आहेत. शालू नेसलेली मुलगी, गुडघे दुखणारी आई, कॅमेऱ्याच्या बॅगा आणि एखादी व्हीलचेअर घेऊन तिथे कोण जाणार? म्हणून हा वेगळा धागा.

अटी अशा: छोटी गाडी (स्विफ्ट, वॅगनआर) वरपर्यंत जावी. गाडीपासून फोटोच्या जागेपर्यंत चालणं दीडशे पावलांच्या आत असावं. माणसं जास्तीत जास्त पंधरा. फक्त फोटो असले तर कुठे, आणि तिथेच हार घालून लग्न लावायचं असलं तर कुठे, हे वेगळं सांगा. रस्ता, उजेड, परवानगी, वारा, बायकांना कपडे बदलायची सोय, सगळं येऊ द्या. 'एक नंबर स्पॉट आहे भावा' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू.

कडेपठार
शहराच्या सर्वांत जवळचं म्हणजे येळ्ळूरचा राजहंसगड. डांबरी रस्ता दरवाजापर्यंत जातो. शेवटचा चढ उभा आणि वळणाचा आहे, तिथे भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर धापा टाकते. चारच माणसं बसवा, बाकीची दुसऱ्या गाडीत. आत तटबंदी, सिद्धेश्वराचं देऊळ आणि २०२३ मध्ये बसवलेला शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा. गडाचा माथा लहान, पण चारी बाजू मोकळ्या असल्याने सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचा उजेड मिळतो. तटाच्या आत वाऱ्याला आडोसा आहे. आपल्या भागातल्या बाकीच्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) तो मिळत नाही.

दुसरी जागा देवरवाडीचा वैजनाथ. वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळीला हद्द ओलांडायची आणि देवरवाडीकडे वळायचं. देवळापर्यंत गाडी जाते. वैजनाथ आणि आरोग्य भवानी अशी दोन देवळं, भोवती गर्द झाडी. झाडीमुळे भर दुपारीसुद्धा मऊ उजेड मिळतो, म्हणून ज्यांना बारा वाजता मुहूर्त गाठायचा आहे त्यांनी उघड्या गडावर न जाता इथे यावं. देवस्थान आहे, तेव्हा पुजारी आणि गावकऱ्यांना आधी भेटूनच. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र सोडून द्या.

त्याच रस्त्याने वर गेलं की महिपाळगड. गडावरच गाव वसलंय, त्यामुळे रस्ता गावात जातो. गाव ओलांडून कड्याच्या बाजूला गेलं की खाली चंदगड तालुक्याची शेतं आणि पलीकडे बेळगावचं पठार. गावातला रस्ता अरुंद, टेम्पो ट्रॅव्हलर समोरून आली की मागे घ्यायला जागा नाही. मोठी गाडी वैजनाथला लावा आणि छोट्या गाडीने दोन फेऱ्या करा.

संकेश्वर-गडहिंग्लज भागातल्यांना सामानगड बरा. रस्ता थेट गडात जातो, माथा सपाट आणि ऐसपैस, सावलीला झाडं. बेळगावाहून दीड तासाच्या अटीत जेमतेम बसतो. हायवेजवळचा वल्लभगड छोटा आहे. सामानगडाला जाता-येता तासभर फोटो घ्यायला ठीक, पंधरा माणसांचं लग्न लावायला नाही.

जुनं_बेळगाव
राजहंसगड रविवारी? अजिबात नको. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी चारनंतर वर गाडी लावायला जागा नसते आणि प्रत्येक फ्रेममध्ये मागे कुणीतरी सेल्फी काढत असतं. मंगळवार ते गुरुवार, सकाळी सातच्या आत पोचा.

आणि एक स्पष्ट लिहितो. गडावर गळ्यात गळे घालून, पुतळ्याकडे पाठ करून, तटावर चढून पोज देणाऱ्यांना गावातली पोरं हटकतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं वाटत नाही. तिथे नऊवारी, फेटा, हातात हात एवढंच ठेवा. पुतळ्याच्या चौथऱ्यावर आणि देवळाजवळ चपला घालून जाऊ नका. गाऊन आणि मिठ्या मारायच्या असतील तर गड सोडून दुसरा डोंगर बघा, डोंगरांना काय तोटा आहे आपल्याकडे!

उजेडवाला
जागा ठरवण्याआधी महिना ठरवा. सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही हे लोक विसरतात. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी तो नेमक्या पश्चिमेपासून साधारण २४ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे मे महिन्यात पाहून ठेवलेल्या कड्यावर डिसेंबरात गेलात तर सूर्य शेजारच्या डोंगरामागे गेलेला असू शकतो. मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही अ‍ॅप उघडून लग्नाची तारीख टाका आणि त्या जागी उभं राहूनच बघा.

वेळा साधारण अशा: नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत सूर्यास्त सहाच्या आसपास, जानेवारीच्या मध्याला सव्वासहाच्या पुढे, मेअखेर सातला. कामाचा सोनेरी उजेड त्याआधीचा पाऊण तास, आणि सूर्य बुडाल्यावर निळसर उजेड वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे डिसेंबरात मुलगी पावणेपाचला तयार होऊन जागेवर उभी हवी. मेकअप उशिरा संपतो, गाडी उशिरा निघते, आणि खिशातून पैसे जातात ते या अर्ध्या तासाचे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो; डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, ती रिफ्लेक्टरनेही नीट निघत नाही.

आपल्याकडची जमीन तांबडी. उघड्या जांभ्यावर उन्हात उभं केलं की खालून लाल उजेड हनुवटीवर आणि मानेवर चढतो, कपाळ मात्र आकाशामुळे निळसर राहतं. मग एडिटिंगमध्ये कितीही ओढाताण केली तरी चेहरा एकसारखा होत नाही. उपाय साधा: जोडप्याच्या पुढ्यात, फ्रेमबाहेर, पांढरी चादर अंथरायची, किमान सहा फूट बाय सहा फूट. पावसाळ्यात हेच गवताच्या हिरव्या रंगाचं होतं.

कपड्यांचे रंग: ऑगस्टमध्ये हिरवी साडी डोंगरात हरवते, डिसेंबरच्या वाळल्या गवतात मोहरी आणि सोनेरी हरवतात. हिरव्यावर राणी, तांबडा, पांढरा. वाळल्या गवतावर गडद निळा, वांगी, मरून. पांढरा गाऊन तांबड्या ओल्या मातीत टेकला की डाग धुऊन जात नाही. गाऊनच्या आत कडेला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी टाचून घ्या, फोटोत दिसत नाही.

नागनवाडी_फाटा
आंबोली कुणीच काढली नाही अजून, म्हणून लिहितो. पाटणे फाटा, नागनवाडी, कानूर करत गेलं की बेळगावाहून दोन तास धरा. रस्ता चांगला असला तर थोडं आधी. अटीत बसत नाही, पण सोय बघता सोडून चालणार नाही, कारण तिथे राहायला हॉटेलं आहेत. म्हणजे कपडे बदलणं, शौचालय, म्हाताऱ्यांना टेकायला जागा, सगळं सुटतं. महादेवगड पॉइंटपर्यंत गाडी जाते. गेळ्याच्या कावळेसादलाही दरीच्या जवळ गाडी पोचते, कठडा आहे. फोटो कठड्याच्या आतूनच. तिथला वारा दरीतून वर येतो, पावसाळ्यात धबधब्याचं पाणी उलटं उडवतो. ओढणी, छत्री, केस आणि हलका लाइट स्टँड यांचं काय होत असेल ते समजून घ्या.

चौकुळकडे जाताना माळ लागतात, मोठे, उघडे. माझ्या मते मोजक्या माणसांच्या फोटोसाठी कावळेसादपेक्षा हेच बरे: दरीची भीती नाही, गर्दी नाही, गाडी रस्त्याकडेला. जमीन कुणाची ते मात्र गावात विचारा. माळ मोकळा दिसला म्हणून सरकारी असतो असं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये जायचं की नाही यावर भांडणं होतात. आंबोलीत वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या दिवसांत. धुकं असं की वीस पावलांवरचं माणूस पुसट. धुक्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला की समोर पांढरा पडदा येतो. फ्लॅश बाजूला किंवा जोडप्याच्या मागे ठेवायचा. ऑटोफोकस भटकतो, कपड्याच्या गडद काठावर फोकस धरा. एसी गाडीतून कॅमेरा लगेच बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, ती पुसू नका. शेवटची वीस मिनिटं एसी बंद करून काचा खाली केल्या तर धरतच नाही.

जळवा असतातच. पायात लांब मोजे, त्यावर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळायचं. झुडपाला टेकून पोज द्यायची असेल तर आधी काठीने फांद्या हलवून बघा, चापडा (विषारी साप) पानांच्या रंगाचा असतो आणि हालत नाही. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य. पाऊस ओसरलेला, गवत अजून हिरवं, आभाळात ढग.

मलप्रभा_उगम
जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ही नावं यादीत येतात म्हणून इशारा. वळणावर गाडी लावून रस्त्यात उभं राहून फोटो काढणं बंद करा. गोव्याची वाहतूक त्याच रस्त्याने असते, धुक्यात समोरचा ड्रायव्हर वळण कापत येतो आणि त्याला तुम्ही दिसत नाही. कणकुंबीला माउली देवीच्या देवळापाशी, मलप्रभेच्या उगमाशी, गाडी थेट जाते आणि सपाट आहे. घरच्यांसोबतचे साधे फोटो तिथे चांगले येतात.

भीमगड मात्र विसरा. २०११ साली अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर, आणि अरण्य इलाख्याची माणसं आता ओळख-पाळख ऐकत नाहीत. वज्रपोहा आणि आसपासच्या धबधब्यांचंही तेच. वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात फोटोग्राफीसाठी शिरायला परवाना लागतो, आणि 'फक्त जोडप्याचे फोटो' हे कारण पुढे टिकत नाही. बारापेडीच्या गुहांतली ती दुर्मिळ वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी उरलीत, तेव्हा ही कडकपणाची तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही.

अभयारण्याबाहेरचं राखीव जंगल असलं तरी वनखात्याला विचारूनच. आपल्या बाजूला अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या, चंदगड बाजूला मराठीत. अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या, गाड्यांचे नंबर आणि 'आग, धूर, ड्रोन नाही' हे वाक्य घाला.

धुराच्या रंगीत कांड्या तर डिसेंबरनंतर हातातही घेऊ नका. कांडीचं टोक तापलेलं असतं, वाळल्या गवतात पडली की वाऱ्यावर वणवा मिनिटांत डोंगराच्या खांद्यावर जातो.

सपाटवाट
व्हीलचेअरबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. 'गाडी वरपर्यंत जाते' याचा अर्थ 'व्हीलचेअर जाते' असा होत नाही.

पुढची दोन चाकं छोटी असतात आणि जांभ्याच्या खड्ड्यांत, फरशीच्या सांध्यात तीच अडकतात. अशा जागी खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं पुढे घ्या आणि मागे ओढत न्या. उतारावरही उलटंच, नाहीतर माणूस पुढे घसरतो. कमरेला पट्टा हवाच. सोबत १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवुडचे दोन तुकडे ठेवा, तीन फूट बाय चार. एक खाली, दुसरा पुढे, मग मागचा उचलून परत पुढे. हळू होतं पण गवत, वाळू, खडी सगळ्यावर चालतं.

पायरी असेल तर हिशेब असा: एक भाग उंचीला बारा भाग लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांची फळी लागते. तीन पायऱ्या आल्या की अठरा फूट, म्हणजे फळीचं काम नाही. तिथे चार माणसांनी खुर्ची उचलायची किंवा जागा बदलायची. उचलताना हातांच्या टेकूला धरू नका, बऱ्याच खुर्च्यांत तो निघून हातात येतो. सांगाड्यालाच धरायचं. म्हणून जागा बघायला जाल तेव्हा टेप न्या: पायऱ्यांची संख्या, एकीची उंची, वाटेची सर्वांत अरुंद रुंदी. तीन फुटांपेक्षा कमी रुंदी असेल तर ढकलणाऱ्याची कोपरं भिंतीला लागतात. या हिशेबाने वैजनाथचा परिसर आणि सामानगड राजहंसगडापेक्षा सरस ठरतील असा अंदाज, पण दरवाजातली फरशी आणि उंबरे स्वतः मोजल्याशिवाय ज्येष्ठांना शब्द देऊ नका.

नोटीसबोर्ड
लग्नच तिथे लावायचं असेल तर कागदांचं आधी बघा. विशेष विवाह कायदा १९५४ खाली करत असाल तर दोघांपैकी एकजण नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, लग्नाला तीन साक्षीदार, आणि नोटीस तीन महिने चालते. अधिकारी जादा शुल्क भरून कचेरीबाहेर वाजवी अंतरावर येऊ शकतो, अशी तरतूद कायद्यातच आहे. पण तो आपल्या जिल्ह्यापुरता. बेळगावात नोटीस दिलीत आणि लग्न महिपाळगडावर म्हणाल तर तो कोल्हापूर जिल्हा, वेगळं राज्य. त्यामुळे सोपं हे की सकाळी कचेरीत सह्या आणि दुपारी डोंगरावर हार. नोंदणी बेळगावची, फोटो चंदगडचे, कुणाची हरकत नाही.

हिंदू पद्धतीने करत असाल तर विधी खरोखर करा. नुसती नोंदणी म्हणजे लग्न नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. डोंगरावर होम करायचा असेल तर पत्र्याचं कुंड, खाली विटांचा थर, वाऱ्याच्या बाजूला पत्रा आणि जवळ पाण्याच्या दोन बादल्या. गवत कुंडाभोवती सहा फूट साफ. देवळाच्या आवारात समितीची लेखी संमती.

कडेपठार
@नोटीसबोर्ड, छान. एक भर: पिवळ्या पाटीची गाडी कर्नाटकातून महाराष्ट्रात नेताना परमिट बघा. ऑल इंडिया टूरिस्ट परमिट नसेल तर तात्पुरतं काढावं लागतं, ते मालकाने काढलंय का हे आदल्या दिवशी विचारा. शिनोळीजवळ नवरदेव रस्त्याकडेला उभा आणि ड्रायव्हर फोनवर मालकाशी भांडतोय, असलं दृश्य नको. पांढऱ्या पाटीला हा त्रास नाही, पण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेणं बेकायदा.

जुनं_बेळगाव
तारखांचंही. १ नोव्हेंबर टाळा; शहरात एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन, रस्ते वळवतात, बसचा भरवसा नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन सुवर्णसौधला असतं तेव्हा लॉजवर खोल्या मिळत नाहीत आणि हायवेवर बंदोबस्त. पाहुणे पुण्या-मुंबईचे असतील तर अधिवेशनाच्या तारखा आधी बघा.

उजेडवाला
ड्रोनबद्दल. २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. पैसे घेऊन शूट करत असाल तर मायक्रोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, पण सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्करी हद्द यामुळे बेळगावभोवती बराच भाग पिवळा किंवा लाल, म्हणजे परवानगीशिवाय मनाई. 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागेवर बोट ठेवून बघा, आणि ते शूटच्या दिवशी परत बघा, कारण रंग बदलतात.

कड्याच्या बाजूने ड्रोन खाली नेऊ नका. आपल्या कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात, पंख्याच्या आवाजाने उठतात आणि चावतात ती वर उभ्या असलेल्या जोडप्याला. गडद कपडे आणि उग्र अत्तर असलं की आणखीच. उठली तर हात न झाडता तोंड झाकून सरळ गाडीत, काचा वर.

गवतफुला
कपडे बदलायचा तंबू कुठला घ्यावा? पॉप-अपवाले उडून जातात असं ऐकलं.

सपाटवाट
चार फूट बाय चार, उंची साडेसहा फूट असला पुरतो, घेरदार घागरा असेल तर पाच बाय पाच. उडतात ते खुंट्यांमुळे. आपल्या सड्यावर वर दोन बोटं माती आणि खाली जांभा, खुंटी शिरत नाही, शिरली तरी धरत नाही. चारी कोपऱ्यांना पाण्याचे २० लिटरचे भरलेले कॅन बांधा, म्हणजे प्रत्येकी वीस किलो वजन झालं आणि प्यायचं पाणीही आलं. पण पिण्यासाठी रिकामे करायला सुरुवात केलीत तर वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडच्या बाजूचा कॅन आधी काढा. लाइट स्टँडला सहा-सात किलोची वाळूची पिशवी, दगड नको. दगड पायावरून घसरतो. तंबूचं दार गाडीच्या दाराला लागून ठेवा, म्हणजे दोन्ही दारांमधली मोकळी जागा एका साडीने झाकता येते.

गवतफुला
कॅन भरून वर नेले तर गाडीत ऐंशी किलो वजन वाढेल, राजहंसगडाच्या चढाला?

कडेपठार
एका माणसाएवढं. तेवढं एक माणूस दुसऱ्या गाडीत बसवा, किंवा कॅन रिकामे न्या आणि वरच्या गावात भरून घ्या. महिपाळगडावर गाव आहे, आंबोलीत हॉटेल आहे. राजहंसगडावर पाण्याचा भरवसा धरू नका, येळ्ळुरात भरून घ्या आणि मग चढा.